आग न लागूं देण्याची विद्या

बंबाची घंटा ऐकूं आली कीं रस्त्यानें जाणारा मनुष्य थांबतो, खिडक्या उघडतात, मुलें धांवत बाहेर येतात. शिडीवर चढलेला जवान धुरांतून एखादें मूल उचलून आणतो, तेव्हां शेंकडों डोळे त्याच्याकडे लागलेले असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच शहरांत दुसरा एक मनुष्य हातांत वही घेऊन जिने चढत असतो. दार आंत उघडतें कीं बाहेर, जिन्याखालीं खोकीं रचलीं आहेत काय, टांकींत पाणी आहे काय, हें पाहून तो मुकाट्यानें निघून जातो. त्याच्याभोंवतीं गर्दी जमत नाहीं. त्याचें काम साधलें म्हणजे कांहींच घडत नाहीं, आणि जें घडलें नाहीं त्याची बातमी कोणी छापीत नाहीं. अग्निप्रतिबंधाचा निरीक्षक तो हाच. त्याची विद्या मनुष्यजात कशी शिकली, मध्यंतरीं कशी विसरली आणि केवढें मोल देऊन ती पुन्हां शिकली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

ही विद्या सर्वस्वीं पाश्चात्त्यांकडून आली, अशी पुष्कळांची समजूत असते. कौटिलीय अर्थशास्त्र उघडून पाहिलें तर ती टिकत नाहीं. या ग्रंथाच्या काळाविषयीं पंडितांत मतभेद असले, तरी त्याची प्राचीनता वादातीत आहे. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत नगराच्या अधिकाऱ्याचीं, म्हणजे ‘नागरिका’चीं, कर्तव्यें सांगितलीं आहेत, आणि त्यांत आगीसंबंधींचे नियम आहेत. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या दोन भागांत घरांत विस्तव पेटवूं नये. स्वयंपाक करणेंच झाल्यास घराबाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याच्या घागरी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, कातड्याची पखाल इत्यादि साहित्य सिद्ध असावें; नसल्यास दंड. गवताचीं छपरें काढून टाकावीं. विस्तवावर ज्यांचा धंदा चालतो अशा कारागिरांनीं एका ठिकाणीं वस्ती करावी. रस्त्यांवर, चव्हाट्यांवर, नगराच्या द्वारांपाशीं आणि राजाच्या वाड्यांपाशीं पाण्याच्या घड्यांच्या रांगा ठेवाव्या. आग लागली असतां विझविण्यास धांवून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण दंड, भाडेकऱ्यास सहा पण, आणि बेपर्वाईनें आग लागूं देणाऱ्यास चौपन्न पण.

या नियमांकडे नीट पाहिलें तर दोन गोष्टी लक्षांत येतात. पहिली ही कीं, बहुतेक नियम आग लागण्यापूर्वींचे आहेत. दुसरी ही कीं, मालकाचा दंड भाडेकऱ्याच्या दुप्पट आहे. म्हणजे ज्याची सत्ता अधिक त्याची जबाबदारी अधिक, हें तत्त्व त्या काळींही मान्य होतें. आणि ज्या अर्थीं साहित्य नसल्यास दंड आहे, त्या अर्थीं तें आहे कीं नाहीं हें पाहणारा कोणी तरी घरोघर फिरत असलाच पाहिजे. निरीक्षकाच्या पेशाचें मूळ तेथें आहे.

रोम शहराचीही गोष्ट अशीच आहे. तेथें वारंवार आगी लागत, म्हणून सम्राट ऑगस्टस यानें इ. स. ६ मध्यें सात तुकड्यांचें एक पहारेकरी दल उभारलें. हे पहारेकरी रात्रीं गस्त घालीत आणि आग दिसतांच ती विझवीत. पण त्यांच्या अधिपतीचें काम तेवढ्यानें संपत नसे. प्रत्येक बिऱ्हाडकरूनें माडीवर पाणी भरून ठेवावें अशी ताकीद देणें, आणि निष्काळजी लोकांस शिक्षा करणें, हेंही त्याच्याच अधिकारांत होतें. म्हणजे विझविणारा आणि तपासणारा हे तेथें एकाच दलांत होते.

पुढें शतकें लोटलीं, शहरें दाटलीं, आणि हें शहाणपण मागें पडलें. आग म्हणजे दैवी कोप, तो आला तर घागरी घेऊन धांवावें, एवढीच समज उरली. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला. पेशव्यांच्या त्या लांकडी वैभवांतून दगडी जोतीं, तट आणि दरवाजे तेवढे आज उभे आहेत. त्यापूर्वीं पंचवीस वर्षें, १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं, मुंबईच्या कोटांतील बाजारांत आग लागली. तटाच्या आंत घरें एकमेकांस खेटून, त्यांत लांकूडकाम विपुल, आणि वर वाऱ्याचा जोर. दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत आग पोंचते कीं काय अशी भीति पडली. शेवटीं तोफा लावून वाटेंतलीं घरें पाडावीं लागलीं, तेव्हां कोठें आगीची वाट तुटली. तोंवर कोटांतील वस्तीचा सुमारें एक तृतीयांश भाग जळून गेला होता. त्यानंतर पुष्कळ वस्ती कोटाबाहेर सरकली. मांडवीच्या बाजूची दाट मुंबई जी वाढली, तिच्या वाढीला या आगीनें मोठीच गति दिली. ही मांडवी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. या इतिहासांत तिचें नांव पुन्हां येणार आहे.

मुंबईंत बंबांची व्यवस्था १८५५ पासून पोलिसांकडे होती. शिपायांनींच आपलें काम संभाळून बंबाकडे धांवावयाचें, असा तो प्रकार होता. स्वतंत्र अग्निशामक दल १८८७ सालीं उभें राहिलें, आणि १८८८ च्या महापालिका कायद्यानें आगीपासून संरक्षण देणें हें महापालिकेचें कर्तव्य ठरलें. माणसें पगारी झालीं, कवायत आली, घोड्यांच्या बंबांच्या जागीं पुढें मोटारीचे बंब आले. दल शूर होतें, तत्पर होतें. परंतु आग लागण्यापूर्वीं गोदामांत शिरून मालाची मांडणी बदलावयास लावण्याचें शास्त्र आणि तशी सत्ता अजून त्याच्या हातीं आली नव्हती.

विलायतेंतही स्थिति फारशी निराळी नव्हती. एडिंबरो शहरांत १८२४ मध्यें जेम्स ब्रेडवुड या तरुणाकडे अग्निशामक दल सोंपविण्यांत आलें. आग विझविणें ही शिकून घेण्याची विद्या आहे, असें त्यानें ठरविलें. गवंडी, सुतार, नळकाम करणारे असे कारागीर निवडून त्यानें त्यांस कवायत शिकविली, १८३० मध्यें या विषयावर पुस्तक लिहिलें, आणि १८३३ पासून तो लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. थेम्स नदीच्या कांठच्या अवाढव्य गोदामांची त्याला धास्ती वाटे. एवढ्या मोठ्या, अखंड जागेंत नाना प्रकारचा माल भरला आणि तेथें एकदां आग लागली, तर कोणाचेंही दल पुरें पडणार नाहीं, असें तो वारंवार सांगत असे. २२ जून १८६१ रोजीं टूली स्ट्रीटवरील गोदामांना आग लागली. ताग, अंबाडी, कापूस, चरबी, साखर असा माल आंत होता. आग अडविण्यासाठीं बसविलेलीं लोखंडी दारें उघडीं राहिलीं होतीं. आपल्या माणसांना धीर देत फिरत असतां ब्रेडवुडवर भिंत कोसळली आणि तो ठार झाला. ज्या गोष्टीविषयीं आयुष्यभर सावध केलें, तिनेंच त्याचा घास घेतला. दारें होतीं, पण तीं लावण्याची शिस्त नव्हती. साधन आणि शिस्त यांतलें हें अंतर निरीक्षकाच्या शिक्षणाचा पहिला धडा होय.

हाच धडा मुंबईस १९४४ सालीं मिळाला. दुसरें महायुद्ध चाललें होतें. ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाचें मालवाहू जहाज इंग्लंडांतून निघून कराचीमार्गें १२ एप्रिल रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत येऊन लागलें. जहाजावर सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा होता. कराचीस त्यावर कापसाच्या ८,७०० गांसड्या, वंगणाचें तेल, लांकूड, गंधक, राळ असा माल चढविण्यांत आला. स्फोटकांशेजारीं कापूस रचण्यास कप्तानाचें मन घेत नव्हतें. परंतु युद्धाची निकड पुढें करून माल भरला गेला. एरव्हीं असलीं जहाजें गोदीबाहेर उभीं करून पडावांतून स्फोटकें उतरवीत. तोही नियम युद्धाच्या घाईंत शिथिल झाला होता. धोक्याचा माल दर्शविणारा लाल बावटाही जहाजावर चढविलेला नव्हता.

१४ एप्रिल, शुक्रवार. जेवणाच्या सुटीच्या वेळीं शेजारच्या जहाजांवरील कांहीं लोकांस ‘फोर्ट स्टिकीन’मधून धूर निघतांना दिसला, पण त्या जहाजावरच्यांना ठाऊक असेलच, असें समजून कोणी वर्दी दिली नाहीं. दोनच्या सुमारास जहाजावर ओरड झाली. बंब आले, दोन आले, मग आणखी आले. जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांत शेंकडों टन पाणी ओतलें गेलें. दाबून बांधलेल्या गांसडीच्या पोटांत आग धुमसत असली म्हणजे वरून ओतलेलें पाणी तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. पाणी तापून उकळूं लागलें, आणि आगीचें मूळ सांपडेना. जहाज समुद्रांत ओढून न्यावें, कीं जागच्या जागीं बुडवावें, कीं पाणीच मारीत राहावें, याविषयीं धक्क्यावर अनेक अधिकारी होते, परंतु अखेरचा शब्द कोणाचा, हें ठरलेलें नव्हतें. चारला दहा मिनिटें असतां जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. चार चौतीसला दुसरा झाला. हजार मैलांवरील सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद उमटली.

पेटलेला कापूस आणि तापलेलें लोखंड आकाशांतून मांडवीच्या आणि आसपासच्या वस्तीवर पडलें. गोदामें, चाळी, दुकानें पेटलीं. हजारों लोक बेघर झाले. मृतांचे आंकडे निरनिराळे सांगितले जातात. ते आठशेपासून तेराशेंपर्यंत जातात. त्यांत मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. आपल्या पायांखालीं नक्की काय भरलें आहे याची पूर्ण कल्पना नसतांही ते शेवटपर्यंत नळी धरून उभे राहिले. भायखळ्याच्या मुख्य केंद्रांत त्यांचें स्मारक आहे, आणि त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. गोदीच्या गाळांतून त्या पुढें कित्येक वर्षें सांपडत राहिल्या. मेलेल्या माणसांपैकीं मात्र कोणी परत आलें नाहीं.

चौकशी आयोगाच्या मतें कापसांत पडलेलें एखादें जळतें सिगारेटचें थोटूक हेंच बहुधा या आगीचें कारण होतें. कारण एवढेंसें, पण तें कारण अनर्थापर्यंत पोंचूं देणाऱ्या चुका मोजल्या तर बहुतेक चुका आग लागण्यापूर्वींच्या दिसतात. विसंगत माल एकत्र भरला. धूम्रपानाची बंदी पाळली गेली नाहीं. धोक्याची खूण लावली नाहीं. पहिला धूर पाहणाऱ्यानें वर्दी दिली नाहीं. आणि निर्णयाचा अधिकार कोणाचा हें आधीं ठरविलें नाहीं. यांपैकीं एकही चूक धैर्याच्या अभावामुळें घडलेली नव्हती. धैर्य तेथें भरपूर होतें. अभाव होता तो शिक्षणाचा आणि तपासणीचा.

स्वातंत्र्यानंतर या उणीवेकडे लक्ष गेलें. १९५५ मध्यें केंद्र सरकारच्या गृहखात्यानें अग्निशमनाविषयीं सल्ला देणारी एक स्थायी समिति नेमली. १९५६ सालीं उत्तर प्रदेशांतील रामपूर येथें राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झालें, आणि १९५७ मध्यें तें नागपुरास आलें. निरनिराळ्या प्रांतांतील अधिकारी एकाच शाळेंत येऊन बसूं लागले, आणि बंबावरचा माणूस विद्यार्थी झाला. पुढें अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही तेथें मिळूं लागली. मुंबईंत सांताक्रूझला विद्यानगरीच्या परिसरांत राज्याची स्वतंत्र प्रशिक्षणसंस्था आहे. १९७० सालीं राष्ट्रीय इमारत संहिता प्रसिद्ध झाली. तिचा एक संपूर्ण भाग आगीपासून संरक्षणाविषयींचा आहे, आणि १९८३, २००५ व २०१६ मध्यें तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या.

या शाळांतून निरीक्षक काय शिकतो? आरंभ अगदीं साध्या गोष्टीपासून होतो. आगीला तीन वस्तु लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि हवेंतील प्राणवायु. यांतील एक काढून घेतली कीं आग जगत नाहीं. मग तो आगींचे प्रकार शिकतो. लांकूड, कागद, कापड यांच्या आगीवर पाणी चालतें. पेटलेल्या तेलावर पाणी ओतलें तर तें तेल उसळून आग पसरते. चालू विजेवर पाणी मारणें म्हणजे स्वतःचा जीव धोक्यांत घालणें. तेल शोषलेल्या चिंध्यांचा ढीग कोंपऱ्यांत पडून राहिला तर तो आपोआप तापून पेटूं शकतो, हेंही तो शिकतो. छताला बसविलेल्या पाण्याच्या फवाऱ्याच्या तोंडाशीं कांचेची एक लहान कुपी असते. नेहमींच्या जातींत ती ६८ अंश उष्णतेस फुटते आणि फवारा आपोआप सुरू होतो. पण मागची टांकी रिकामी असेल, किंवा नळावरची कळ कोणी बंद करून ठेविली असेल, तर ती कुपी फुटून काय उपयोग? म्हणून तो कुपी पाहून थांबत नाहीं, टांकीपर्यंत जातो.

याहून अधिक महत्त्वाचें म्हणजे तो इमारतीकडे पळणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकतो. दाट धूर दाटला असतां डोळ्यांपुढें हात धरला तरी दिसत नाहीं. आणि आगींत मरणाऱ्यांपैकीं पुष्कळांचा जीव ज्वाळांच्या आधीं धूरच घेतो. अशा अंधारांत जिना सांपडेल काय? तो दोघांना एकदम उतरण्याइतका रुंद आहे काय? दार ढकलतांच बाहेर उघडेल काय? न्यूयॉर्कमधील ट्रायँगल कारखान्यास २५ मार्च १९११ रोजीं आग लागली, तेव्हां एक दार कुलूपबंद होतें. १४६ माणसें मेलीं, त्यांत बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. त्या आगीनंतर तेथील कारखान्यांचे कायदे बदलले. कुलूप लावलेलें सुटकेचें दार हें दार नव्हे, भिंत आहे, हें वाक्य प्रत्येक निरीक्षकाच्या मनावर कोरलेलें असावें.

महाराष्ट्रांत यासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला तो २००६ सालचा, ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम’. तो डिसेंबर २००८ पासून अमलांत आला. या कायद्यानें इमारतींतील आगीच्या व्यवस्थेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून ती व्यवस्था तपासून, ती चालू स्थितींत असल्याचा दाखला वर्षांतून दोनदां, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करावयाचा असतो. कौटिल्याचे बारा पण आणि आजचा हा दाखला यांत तत्त्वतः फार अंतर नाहीं.

परंतु दाखला कागदाचा असतो आणि आग खरी असते. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत प्रत्यक्ष मंत्रालयाला आग लागली आणि पांच माणसें दगावलीं. ज्या राज्यानें कायदा केला, त्याच्या मुख्य कचेरीलाही आगीनें सोडलें नाहीं. १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथील एका शाळेंत मुलांच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक चालला होता. तेथून पेटलेली आग गवती छपरास लागली. वरच्या मजल्यावरून उतरण्यास जिना अरुंद होता. चौऱ्याण्णव मुलें मेलीं. गवताचें छप्पर नसावें, दुपारीं घरांत विस्तव नसावा, हें दोन सहस्र वर्षांमागें ज्या देशांत लिहून ठेवलें होतें, त्याच देशांत हें घडलें. ज्ञान नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. तें ज्ञान घेऊन त्या शाळेच्या जिन्यावर वेळेवर कोणी चढलें नाहीं, आणि ‘हें छप्पर उतरवा, तोंवर वर्ग भरवूं नका’ असें ठणकावून सांगितलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून निरीक्षकाच्या शिक्षणांत शास्त्राइतकेंच मोल स्वभावाला आहे. गोदामाचा धनी चहा पाजतो, चाळीचा मालक ओळख सांगतो, नाट्यगृहाचा व्यवस्थापक ‘आजचा खेळ होऊं द्या, उद्यां दुरुस्त करतों’ असें विनवितो. या सर्वांस हंसतमुखानें पण ठामपणें नकार देतां आला पाहिजे. ज्याच्या नकारामुळें कोणाचें चार दिवसांचें नुकसान होतें, त्याला लोक बोल लावतात. त्याच्या नकारामुळें वांचलेलीं माणसें आपण वांचलों हें कधींच जाणत नाहींत. असल्या कृतघ्न कामास लागणारें मनोबल शिडीवर चढणाऱ्या जवानाच्या मनोबलाहून कमी प्रतीचें नाहीं.

तथापि निरीक्षक कितीही शिकलेला असला तरी तो वर्षांतून एखाद्या वेळीं येणार. घरांतलीं माणसें तेथें रोज राहतात. म्हणून या विद्येचा प्राथमिक वर्ग घरींच भरला पाहिजे. जिन्यांत जुन्या खाटा, सायकली, कुंड्या ठेवूं नयेत. एकाच खटक्यावर चार यंत्रें चालवूं नयेत. निजण्यापूर्वीं गॅसची कळ बंद करावी. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणास हात न लावतां आधीं खिडक्या उघडाव्या. कढईंतलें तेल पेटलें तर पाणी न ओतां विस्तव बंद करून वर झांकण ठेवावें. धूर झाला तर जमिनीलगत वांकून चालावें, आणि उद्वाहक न वापरतां जिन्यानें उतरावें. पहिला धूर दिसतांच, दुसऱ्या कोणीं कळविलें असेल अशी वाट न पाहतां, १०१ क्रमांकावर वर्दी द्यावी. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारीं शेजारच्या जहाजांवर ज्यांनीं धूर पाहिला, त्यांच्यापैकीं एकानें एवढें केलें असतें, तर विझविणाऱ्यांना आणखी कांहीं मोलाचीं मिनिटें मिळालीं असतीं.

दर वर्षीं १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळला जातो. मिरवणुका निघतात, बंब सजविले जातात, जवान कवायती करून दाखवितात; तें पाहण्यास मुलांना अवश्य न्यावें. परंतु त्याच आठवड्यांत एके सायंकाळीं घरांतील वडील मंडळींनीं मुलांना बरोबर घेऊन आपल्याच इमारतीचा जिना तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकदां चढून पाहावा. गच्चीचें दार कुलूपबंद आहे काय, किल्ली कोणाकडे असते, भिंतीवर टांगलेलें लाल नळकांडें शेवटचें केव्हां तपासलें, हें मुलांनाच वाचावयास लावावें आणि वहींत टिपून घ्यावें. जें उणें आढळेल तें पुढल्या रविवारच्या आंत दुरुस्त करवून घ्यावें. त्या ६६ जवानांच्या स्मरणाला याहून शोभणारी पुष्पांजलि नाहीं.